सातार्‍यात सहा महिने मुक्काम : प्रवेशशुल्क न लागणारी ठिकाणे कोणती?

प्रश्न : कार्यालयीन कामानिमित्त मी जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत सातार्‍यात राहणार आहे. मूळचा नागपूरचा असल्यामुळे हा भाग मला अगदीच अपरिचित आहे. घरभाडे आणि खानावळीचा खर्च वजा जाता फिरण्यासाठी फारसे पैसे उरत नाहीत; तरीही जेथे प्रवेशशुल्क नाही आणि एसटीने किंवा दुचाकीने जाता येते, अशी ठिकाणे मनापासून पाहण्याची इच्छा आहे. दिवाळीत आईवडील येणार असल्याने त्यांना झेपेल असेही काही सुचवावे, ही विनंती.

उत्तर 1 : आपण लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीपासून सुरुवात करावी. सातार्‍याच्या उत्तरेस, पुणे-बंगळूरू महामार्गाजवळ हे गाव आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात विरूबाई भोसले यांनी ही विहीर बांधवून घेतली. तिचा मुख्य भाग अष्टकोनी असून त्याला जिन्याची लांबट वाट जोडलेली असल्यामुळे वरून पाहताना शिवलिंगाचा आकार दिसतो. पायर्‍या उतरून आत गेल्यावर चक्क एक छोटा महाल लागतो; त्याच्या भिंतींवर कोरीव शिल्पे आहेत आणि वर मोटा चालवण्यासाठीचे दगडी थारोळे अजून शाबूत आहे. पाणी उपसण्याच्या जागेवर इतके देखणे काम करावेसे वाटले, याचे मला प्रत्येक वेळी नवल वाटते. पावसाळ्यात पायर्‍या निसरड्या होतात, एवढे लक्षात ठेवावे.

उत्तर 2 : आईवडिलांना वाईला न्यावे. कृष्णेच्या घाटावरील ढोल्या गणपतीचे मंदिर रास्ते घराण्याने बांधले असून पुराच्या पाण्याचा जोर दुभंगावा म्हणून त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची केलेली आहे. ती मंदिराच्या मागे जाऊन आवर्जून पाहावी, कारण बहुतेक लोक दर्शन घेऊन समोरूनच परत फिरतात. तेथून मेणवली जवळच आहे; नाना फडणवीसांच्या वाड्यामागील घाटावर पोर्तुगीजांकडून मिळालेली मोठी घंटा टांगलेली आहे. 1739 साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यानंतर ती या भागात आली, असे सांगतात.

कासविषयी मात्र गैरसमज नसावा. 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झालेल्या या पठारावर फुलांच्या हंगामात शुल्क आकारले जाते. आपण येथेच राहणार आहात, तेव्हा जून-जुलैमधील धुक्याच्या दिवसांत यवतेश्वराच्या घाटाने कास तलावापर्यंत जाऊन यावे. पुण्या-मुंबईहून एका दिवसासाठी येणार्‍यांना असा दिवस निवडता येत नाही.

उत्तर 3 : सज्जनगड राहूनच गेला. गाडी बरीच वर जाते, तरी पुढे पायर्‍या चढाव्या लागतात, त्यामुळे आईवडिलांच्या गुडघ्यांचा विचार करून ठरवावे. समर्थांची समाधी राममंदिराखालील तळघरात आहे आणि दुपारी भाविकांना महाप्रसाद विनामूल्य मिळतो. गडाच्या कडेवरून उरमोडी धरणाचा जलाशय दिसतो. पावसाळा सरल्यावर तो भरलेला असतो. अजिंक्यतार्‍यासाठी वेगळी सुट्टी काढण्याची गरज नाही, तो शहराच्या डोक्यावरच उभा आहे.

प्रश्नकर्ता : सर्वांचा आभारी आहे. या रविवारी लिंबला जातो. वाई आणि मेणवली आईवडिलांसाठी राखून ठेवली आहे; सज्जनगडाच्या पायर्‍या आधी स्वतः चढून पाहतो आणि मगच त्यांना विचारतो.