मदत हवी आहे: एमकेएसटेम्पला हात लावला की सेगमेंटेशन फॉल्ट

नमस्कार मंडळी,

लिनक्स, जीसीसी कंपायलर. सीमधला छोटा प्रोग्रॅम आहे. ग्राहकांची सीएसव्ही वाचतो, क्रमवारी लावून टेम्पररी फाइलीत लिहितो आणि शेवटी रीनेम करून ती मूळ फाइलीच्या जागी ठेवतो. टेम्पररी फाइलीचं नाव मी कायमचं ठरवून टाकलं होतं (हसू नका). परवा ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या क्रॉनने पहिला रन संपायच्या आत दुसरा सुरू केला आणि दोन्ही यादींची खिचडी झाली.

मग टेम्पररी नाव सुचवणारं टीएमपीनॅम फंक्शन लावलं, तर प्रोग्रॅम जोडणारा लिंकरच ओरडला: धोकादायक आहे, एमकेएसटेम्प (नवं नाव शोधून फाइल स्वतःच उघडून देणारं फंक्शन) वापरा. वापरलं. त्याला द्यायच्या नावाच्या टेम्प्लेटच्या शेवटी सहा एक्स आहेत, मोजलेत. तरी क्रॅश. जीडीबी डीबगरमध्ये पाहिलं तर माझ्या ओळीत नाही, थेट ग्लिबसी या सीच्या लायब्ररीच्या पोटात. वॉर्निंग दाखवणारा वॉल फ्लॅग जीसीसीला लावूनही एक वॉर्निंग नाही. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
टेम्प्लेट कॅर पॉइंटर (चांदणीवाला) म्हणून लिहिलंय ना? मग ती स्ट्रिंग लिटरल (कोडमध्येच लिहिलेला मजकूर) झाली, म्हणजे मेमरीच्या रीड-ओन्ली भागात. एमकेएसटेम्प त्या सहा एक्सवरच खरं नाव लिहायला जातं आणि तिथेच मरतं. चांदणी काढा, नावापुढे रिकामा चौकोनी कंस टाका. ॲरे झाला की स्वतःची कॉपी मिळते. लूपमध्ये असाल तर टेम्प्लेट दरवेळी नव्याने भरा. पहिल्या फेरीतच एक्स संपतात, दुसऱ्या फेरीत उणे एक परत येतो आणि ईइनव्हॅल, म्हणजे चुकीच्या इनपुटची एरर. परत मिळतो तो डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाइलीचा नंबर; एफप्रिंटएफने लिहायचं असेल तर त्यावर एफडीओपन करा.

धागाकर्ता
चांदणीच होती! क्रॅश गेला. आता रीनेम फेल, एरर छापणारं पीएरर म्हणतं 'इनव्हॅलिड क्रॉस-डिव्हाइस लिंक'.

प्रतिसाद २
तुमची टीएमपी डिरेक्टरी वेगळ्या फाइल सिस्टिमवर असणार, बहुतेक टीएमपीएफएस, म्हणजे रॅममध्ये. रीनेम फक्त नाव हलवतं, डेटा कॉपी करत नाही. टेम्पररी फाइल मूळ सीएसव्हीच्याच डिरेक्टरीत तयार करा. आणि एमकेएसटेम्पची फाइल ०६०० परमिशनने बनते, म्हणजे फक्त मालकच ती वाचू-लिहू शकतो. रीनेमच्या आधी एफसीएचमॉडने परमिशन बदलली नाहीत तर उद्या बाकीचे विचारतील, यादी उघडत का नाही.

धागाकर्ता
झालं, चाललं. ०६०० कधीच लक्षात आलं नसतं. फक्त रीनेम फेल झालेल्या चाचण्यांत टीएमपी डिरेक्टरीत पाच-सहा फाइली पडल्यात, त्या आता हातानेच उडवतो.