दहावीच्या आधीचा मे महिना: ना धड अभ्यास, ना धड सुट्टी (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसती वाचत असते, पण आज सल्ला हवाय आणि जरा घाईत हवाय.

आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. लेक यंदा दहावीत जाईल. स्टेट बोर्ड, सेमी. नववीचा शेवटचा पेपर झाला आणि लगेच क्लासची व्हेकेशन बॅच सुरू. सकाळी ८ ते ११, रविवार सोडून रोज. सुट्टी काय ती मे संपता संपता एक आठवडा. लिनिअर इक्वेशन्स, सिमिलॅरिटी आणि सायन्स वनचे पहिले काही धडे शाळा उघडायच्या आत उरकायचे, असा त्यांचा बेत.

तीनच तास क्लास म्हणजे उरलेला दिवस मोकळा, असं वाटेल. साडेअकराला घरी येते ती घामाने निथळत. (ठाण्यातला मे काय सांगायचा! पंख्याखाली बसलं तरी वहीचं पान मनगटाला चिकटतं.) जेवते आणि मग "अभ्यासाला बसते". मांडीवर जॉमेट्रीचं पुस्तक उघडं, पुस्तकाच्या आडोशाला फोन. परवा दुपारी दोनला डोकावले आणि मग चारला. तेच पान, तोच पायथागोरसचा अर्धा त्रिकोण. ए आणि बी लिहिलेलं, सी-चा पत्ता नाही. संध्याकाळी विचारलं तर म्हणाली, "दुपारभर अभ्यास केला." खोटं बोलत नाही हो ती, तिला खरंच तसं वाटतं. बसून बसून दमलेली असते. खाली बॅडमिंटन खेळायला जा म्हटलं की "आई, होमवर्क राहिलाय". उपवन तलावावर चक्कर मारून येऊ म्हटलं तरी तेच. रात्री मात्र एक वाजेपर्यंत रील्स, आणि सकाळी सातला उठवताना महाभारत.

सासरे कुडाळला असतात. दर मे महिन्यात ती तिकडे असते. आंबे उतरायला लागलेत आणि त्यांचा रोज फोन, पोर कधी येते? क्लासच्या सुट्टीत पाठवायची तर तोवर आंबा संपत आलेला आणि पाऊस तोंडावर. नवऱ्याचं म्हणणं, एका वर्षाचा तर प्रश्न आहे, नंतर आयुष्यभर सुट्ट्याच आहेत. (त्या कुणाला मिळाल्या ते मला दाखवा.)

मेच्या मध्यावर दहा दिवस क्लास बुडवून गावी पाठवू का? पाठवली तर पुस्तकं द्यायची की नाही? आणि घरी असेल तेव्हा हा दिवसभराचा अर्धवट अभ्यास मोडायचा कसा? फोन काढून घ्या असं सांगू नका, क्लासच्या नोट्स व्हॉट्सॲपवरच येतात.

*

नौपाडा_मास्तर: शाळेत गणित शिकवतो, म्हणून थोडं अधिकाराने लिहितो. बिनधास्त पाठवा. बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा, भूमितीचा ४० चा, वेळ दोन-दोन तास, आणि सगळं पाठ्यपुस्तकाच्या आसपास. त्यासाठी एप्रिलपासून धावायची गरज नाही. मेमध्ये एकदा घाईत उरकलेला धडा जूनमध्ये शाळेत परत येतो, तेव्हा "हे झालंय" म्हणून मुलं लक्ष देत नाहीत. दरवर्षी बघतो.

दुपारबद्दल. नुसतं पुस्तक उघडून बसणं बंद करा. वेळ ठरवू नका, काम ठरवा. आजची पाच उदाहरणं पुस्तक मिटून सोडवायची, अडलं तरच उघडायचं. झाली की ती मोकळी, मग दुपारचे साडेबारा वाजलेले का असेनात, तुम्ही "अजून थोडं" म्हणायचं नाही. आमच्या पालकांना नेमकं हेच जमत नाही. लवकर संपवलं की आणखी काम मिळतं हे मुलांना कळतं, मग ती कशाला संपवतील?

*

घोडबंदरचा_बाबा: मास्तरांशी असहमत. क्लासची फी भरलीय, दहा दिवस बुडाले तर जूनच्या टेस्टमध्ये पोरगी मागे पडेल आणि आत्मविश्वास जाईल तो वेगळाच. गाव काय पळून जातंय? आंबे पार्सलने येतात.

*

नौपाडा_मास्तर: आजोबा पार्सलने येत नाहीत, साहेब. आणि बुडालेलं भरून निघतं. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलं होतं की शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं, पुढे तो वेग मंदावतो. मध्ये अंतर ठेवून पुन्हा आठवायला लावलं की ते जास्त टिकतं. म्हणजे दहा दिवसांचा खंड पडला म्हणून आभाळ कोसळत नाही. परत आल्यावर आधी कोरा कागद घेऊन काय काय आठवतं ते लिहून काढायचं, मग पुढचा धडा.

*

नेरूळकरीण: काकू, मी मागच्या वर्षीच दहावी दिली. फोनचं आम्ही असं केलं होतं की नोट्स आईच्या फोनवर यायच्या, मी त्या वहीत उतरवून घ्यायचे. माझा फोन संध्याकाळपर्यंत हॉलमध्ये चार्जिंगला. पहिला आठवडा खूप भांडणं झाली, खोटं कशाला सांगू. मग सवय झाली.

आणि "खाली जा" म्हणू नका, आम्हाला ते हाकलल्यासारखं वाटतं. कुणीतरी सोबत निघालं तर आम्ही निघतो. माझे बाबा सकाळी उन्हं चढायच्या आत नेरूळच्या टीएस चाणक्य या नाविक प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीवर फ्लेमिंगो बघायला न्यायचे. मेमध्ये अजून असतात ते, पाऊस लागायच्या सुमारास जातात. तिथे कुणी अभ्यासाचा विषय काढायचा नाही असं ठरलेलं होतं. तुम्हाला येऊरचं जंगल जवळ आहे, भल्या सकाळी निघालात तर क्लासच्या आत परत याल. फक्त मग रात्री लवकर झोपावं लागतं, आणि रील्सचा प्रश्न तिथेच अर्धा सुटतो.

*

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. मास्तर, "झालं की मोकळी" हे कालपासून सुरू केलंय. पावणेदोनला संपलं म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली, पुढचं काय सांगते म्हणून. मी भाजी निवडत राहिले. मग गेली आपली खाली. नेरूळकरीण, येऊरचं रविवारी करून बघते. फोन हॉलमध्ये ठेवायला नवऱ्याने स्वतःपासून सुरुवात करावी अशी अट लेकीने घातलीय, त्यावर घरात चर्चा चालू आहे.

गावाचं जवळजवळ नक्की. क्लासला विचारलं, कुरकुर केली पण बुडालेल्या धड्यांचे प्रश्नसंच देतो म्हणाले. आता गाडीत जागा मिळायला हवी.

*

कुडाळवाला_ठाण्यात: रेल्वेचं बुकिंग हल्ली साठ दिवस आधी उघडतं, त्यामुळे तुतारी, कोकणकन्या, मांडवी सगळ्या मेसाठी कधीच भरल्या असतील. उन्हाळी स्पेशल गाड्यांवर नजर ठेवा, त्या अचानक जाहीर होतात आणि पहिल्या काही तासांत जागा असते. नाहीतर दिव्याहून सावंतवाडीची पॅसेंजर आहे, वेळ खाते पण दिवसाचा प्रवास आणि खिडकीतून सगळं कोकण दिसतं. जागेसाठी लवकर पोचा.

*

धागाकर्ती: दिवा पॅसेंजर लेकीला आवडेल. मास्तर, शेवटचं एक. गावी पुस्तकं द्यायची का?

*

नौपाडा_मास्तर: दहावीची नको. द्यायचंच असेल तर नववीचं बीजगणित द्या आणि त्यातलं फक्त बहुपदींचं प्रकरण. अवयव पाडणं कच्चं असेल तर वर्गसमीकरणाला पोरं अडतात, आणि ते कच्चं आहे हे डिसेंबरमध्ये कळतं. सकाळी न्याहारीआधी अर्धा तास, आजोबांच्या पडवीत. नाही केलं तरी फोन करून विचारू नका. "आंब्याच्या बागेवर निबंध लिहून आण" असलं तर अजिबात सांगू नका.