सात महिने पोटगी नाही आणि दाजी म्हणतात, दिवाळीला पोरगं पाठवा

विट्याचा मामा
बहीण तीन वर्षं माहेरी आहे. भाचा सहा वर्षांचा, पहिलीत. दाजींचं तमिळनाडूत गलाईचं दुकान. आमच्या खानापूर-आटपाडीकडं हे घरोघरी आहे. सोनं-चांदी आटवायला माणूस कुठल्या कुठं जाऊन बसतो, त्यामुळं बाप लांब असण्याचं आम्हाला नवल नाही. गेल्या वर्षी कोर्टाचा हुकूम झाला: ताबा आईकडं, मे आणि दिवाळीच्या सुट्टीतले निम्मे दिवस बापाकडं, दर रविवारी व्हिडिओ कॉल. पोटगीचा हुकूम वेगळा, मुलाचे महिन्याला 8,000. पहिले काही महिने आले. गेले सात महिने एक रुपया नाही. 56,000 झाले. धंदा मंदा आहे म्हणतात. सोन्याचा भाव आम्हालाही दिसतो की.

आता निरोप आलाय, दिवाळीला न्यायला येतो. माझं मत स्पष्ट आहे: आधी पैसे टाका, मग पोरगं न्या. वर्षभर दूध-दप्तर-दवाखाना आम्ही बघायचं आणि फटाके उडवायला हे. वरून त्यांच्या आई गावभर सांगत सुटल्यात की पाच वर्षं झाली, आता पोरगं कायद्यानं बापाचंच. तुमचं काय म्हणणं?

हरिपूरचं पेव
बरोबर आहे तुमचं. पैसे नाहीत तर पोरगं नाही. हातात आहे ती एकच दोरी आहे, सोडू नका.

काळा कोट, कराड
ती दोरी म्हणजे पोरगं आहे, एवढं लक्षात ठेवा.

मामा, दोन हुकूम आहेत ना? मग दोन्ही वेगळेच राहणार. दाजींनी पोटगीचा हुकूम मोडला म्हणून तुम्हाला भेटीचा मोडायची मुभा मिळत नाही. तुम्ही पाठवलं नाही तर ते कोर्टात अर्ज टाकतील, आणि त्या दिवशी कोर्टासमोर हुकूम मोडणारी तुमची बहीण असेल. थकबाकीचं बोलायला उभे राहाल तोवर प्रश्न येईल, "मुलगा का पाठवला नाही?"

पैशाचा रस्ता सांगतो. पोटगी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली, म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली झाली असेल तर वसुलीचा अर्ज करा. वॉरंट निघतं, आणि तरीही भरलं नाही तर थकलेल्या दर महिन्यामागं एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. दाजी जिथं राहतात तिथल्या मॅजिस्ट्रेटकडूनही हुकूम बजावून घेता येतो. पण रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. तुमचे सात महिने झालेत. 'बघू, दिवाळी होऊ दे, तुळशीचं लग्न होऊ दे' करत बसलात तर सगळ्यात जुना महिना हातातून जाईल. वकिलाची फी हा प्रश्न असेल तर बाईला आणि मुलाला उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

आता त्या आजींचं. 1956 चा हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा एवढंच म्हणतो की पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडं असावं. पाच संपली की बापाकडं जावं, असं त्यात कुठंही नाही. त्याच कायद्याचं कलम 13 सांगतं की मुलाचं हित सगळ्यात वर. पाचव्या वाढदिवसाला केक कापला आणि ताबा फिरला, असं होत नसतं.

हरिपूरचं पेव
वकीलसाहेब, वॉरंट तमिळनाडूत जाऊन परत येईस्तोवर पोरगं दहावीला बसेल. कागदावर सगळं छान असतं.

काळा कोट, कराड
वेळ लागतो, खोटं कशाला बोलू. पण पोरगं अडवून तो वेळ कमी होत नाही. उलट आणखी एक प्रकरण वाढतं.

अजिंक्यताऱ्याखाली
मी दुसऱ्या बाजूचा आहे, म्हणजे 'दाजी'. साताऱ्यात राहतो. पोटगी एकदाही थकवलेली नाही, पगारातून पाच तारखेला जाते. मुलगी आठ वर्षांची. मला भेट मिळते एका शनिवाराआड दोन तास, तीही कोर्टाच्या आवारातल्या खोलीत. वर्षाला सव्वीस भेटी, बावन्न तास. म्हणजे दोन दिवस आणि चार तास, तेही एकही भेट चुकली नाही तर. गेल्या वर्षी अकरा चुकल्या. ताप आला, परीक्षा आहे, मामाचं लग्न आहे.

त्या खोलीत एक प्लॅस्टिकची घसरगुंडी आहे, दोन-तीन वर्षांच्या पोरांच्या मापाची. माझी मुलगी आता त्यावर मावत नाही. ती तिच्या खालच्या पायरीवर बसते आणि मी समोर फरशीवर. डब्यात पेढे नेतो. ती एक खाते, एक रुमालात बांधून ठेवते. कुणाला, ते मी विचारत नाही.

मामा, तुमचे दाजी चुकतायत, त्यांची बाजू मी घेणार नाही. पण 'पैसे टाका, पोरगं न्या' हे वाक्य माझ्यासारख्यानं ऐकलं की काय वाटतं सांगू? मी पैसे टाकतो. तरी पोरगी मिळत नाही. म्हणजे पैशाचा विषय कधीच नव्हता.

विट्याचा मामा
तुमच्याबद्दल वाईट वाटलं. खरंच. पण तुम्ही भरताय, हे भरत नाहीत. दोघांना एकाच पंगतीत कशाला बसवायचं?

मिरजेची तार
सगळे पैशावरच अडलेत, म्हणून लिहिते. मी पाठवलं होतं. गणपतीला पाच दिवस म्हणून नेला आणि चार महिने आणून सोडला नाही. तेव्हा माझ्याकडं ताब्याचा हुकूमच नव्हता, आपसात ठरलेलं. पोलीस म्हणाले, बापानंच नेलंय, त्याला पळवलं कसं म्हणता, कोर्टात जा. शेवटी कोर्टातूनच आला. येताना केस वेगळे कापलेले, आणि मला 'आई' म्हणायच्या आधी आजीकडं बघायचा. तेव्हापासून मी कुणाच्या शब्दावर मूल हलवत नाही.

त्यामुळं मामांचं 'पाठवू नका' मला पटतं. मात्र पैशासाठी नाही. परत येईल का, हा प्रश्न आधी विचारा.

काळा कोट, कराड
ताई, भीती रास्त आहे. पण तुमच्यात आणि मामांच्यात फरक आहे. त्यांच्याकडं हुकूम आहे. न पाठवण्याऐवजी कोर्टाकडूनच अटी घालून घ्या: जायची-यायची तारीख, तिकिटं आधी दाखवायची, राहण्याचा पत्ता, तिकडं असताना रोज आईशी फोन. खरोखर धोका वाटत असेल तर भेट इथंच, कुणाच्या तरी देखरेखीखाली, असंही मागता येतं. ताब्याचे हुकूम दगडावर कोरलेले नसतात, परिस्थिती बदलली की बदलून मिळतात. आणि एवढं करूनही मूल अडवलं तर हेबियस कॉर्पसला, म्हणजे मूल कोर्टासमोर हजर करा अशी उच्च न्यायालयात मागणी करायला, आता मुंबई गाठायची गरज नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सांगली-सातारा त्यातच येतात.

तारखेचा आग्रह का धरतो तेही सांगतो. 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्यात दावा कुठं चालायचा हे मूल सर्वसाधारणपणे कुठं राहतं त्यावर ठरतं. पोरगं तिकडं सहा महिने राहिलं, शाळेत नाव घातलं, की पहिलं भांडण 'दावा विट्याला की तमिळनाडूत' यावरच सुरू होतं.

हरिपूरचं पेव
आणि नैसर्गिक पालकाचं काय, म्हणजे कायदा मुळातच ज्याला मुलाचा पालक मानतो तो? कायद्यात बापाचंच नाव आधी आहे ना?

काळा कोट, कराड
आहे. 'बाप, आणि त्याच्यानंतर आई'. पण 1999 मध्ये गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं त्या 'नंतर'चा अर्थ लावला. बाप मेल्यावरच आई पालक, असं नव्हे. बाप लक्ष घालत नसेल किंवा जवळ नसेल तेव्हाही आई पालक. शिवाय पालक कोण आणि मूल कुणाजवळ राहणार, हे दोन वेगळे प्रश्न. बाकी बाप तिकडं आटणी करत बसलाय आणि इथं पालकसभेला आई जाते, तर आजींनी फार ताणू नये.

निवृत्त बाई
मी प्राथमिक शाळेत चौतीस वर्षं शिकवलं, इस्लामपूरकडच्या गावांत. कायद्यातलं मला कळत नाही. मामांना एकच विचारते. भाच्याला माहीत आहे का, किती महिने थकलेत ते?

विट्याचा मामा
घरात बोलणं होतंच की बाई. कानावर पडत असेल.

निवृत्त बाई
पडत असेल नाही, पडतंच. माझ्या वर्गात एक पोरगा होता. वजाबाकीची गोष्ट तयार करा म्हटलं, तर त्यानं लिहिलं, "बाबांनी तीन हजार द्यायचे होते, एक दिले, किती राहिले?" उत्तर बरोबर होतं. मी बरोबरची खूण केली आणि वही बराच वेळ तशीच धरून बसले.

पैसे मागा. हक्काचे आहेत, तेही त्या लेकराच्या हक्काचे, तुमच्या बहिणीच्यासुद्धा नव्हेत. पण पोराला पावती करू नका.

मिरजेची तार
बाई, हे सगळं आईलाच का ऐकवायचं? थकवणाऱ्याला कोण ऐकवणार?

निवृत्त बाई
तो इथं असता तर त्यालाही ऐकवलं असतं. जरा जास्तच.

अजिंक्यताऱ्याखाली
दाजींना माझा निरोप द्या मामा. आठ हजार जमत नसतील तर कोर्टात जाऊन रक्कम कमी करून मागता येते, कारण दाखवून. मीही एकदा मागितली होती, नोकरी गेली तेव्हा. गप्प बसून थकवायचं आणि वर सुट्टी मागायची, असल्या बापांमुळं आम्हा बाकीच्यांच्या अर्जाकडंही संशयानं बघतात.

विट्याचा मामा
मत अजून बदललेलं नाही, आधीच सांगतो. जो भरत नाही त्याला लाज वाटली पाहिजे आणि ती कोर्टाच्या कागदानं वाटत नाही.

पण बाईंनी विचारलं म्हणून काल बघितलं. रविवारचा कॉल चालू होता, मी मुद्दाम बाहेरच्या खोलीत बसलो. भाचा सांगत होता की दात पडला, दाखवत होता. मग मधेच, कुणी न सांगता, "पप्पा, सात महिने झाले." तिकडून काही आवाजच आला नाही बराच वेळ. फोन कट झाला असेल असं मला वाटलं, पण झाला नव्हता.

शनिवारी बहिणीला घेऊन वकिलाकडं चाललोय. वसुलीचा अर्ज आणि तिकिटाची अट, दोन्ही एकदमच. वर्ष कुठल्या तारखेपासून मोजायचं, पहिला थकलेला महिना धरून ना?

काळा कोट, कराड
प्रत्येक महिन्याचं वर्ष वेगळं. जो हप्ता ज्या तारखेला द्यायचा होता तिथून. येताना पासबुक भरून आणा.