विषय: सही अडकलीये, डिव्हाइसवर नुसते हॅश दिसतायत, दाबू का?

प्रेषक: सचिव

मंडळी, खजिनदारांनी काल रात्री आपल्या क्रिप्टो खात्याच्या रांगेत टाकलेला व्यवहार माझ्या सहीवर अडलाय. ब्राउझरमध्ये सगळं ठीक दिसतंय, देणगीतले ५०० यूएसडीटी (डॉलरला जोडलेलं डिजिटल नाणं) यूएसडीसी या तशाच दुसऱ्या नाण्यात बदलायचे, बस. पण सहीचं डिव्हाइस (हार्डवेअर वॉलेट) जोडलं की ते आधी ब्लाइंड सायनिंग, म्हणजे तपशील न दाखवता सही, चालू करा म्हणतं, आणि चालू केलं तर स्क्रीनवर डोमेन हॅश आणि मेसेज हॅश अशा दोन लांबच लांब ओळी. रक्कम नाही, कोणाला जाणार तो पत्ता नाही, खाली फक्त अप्रूव्ह किंवा रिजेक्ट. जुन्या डिव्हाइसवर एकेक फील्ड ओळीने दाखवायचं, हे नवीन आहे. मी रिजेक्ट करून केबल काढून ठेवलीये. कोणाला कळतंय का यातलं?

प्रेषक: खजिनदार

सचिव, तो व्यवहार मीच तयार केलाय आणि पहिली सही माझीच आहे. तिघांपैकी दोघांच्या सह्या लागतात, तिसरे प्रवासात आहेत, म्हणजे तुमच्याशिवाय अडणार. शुक्रवारच्या आत पैसे खात्यात यायला हवेत. ब्राउझरमध्ये बरोबर दिसतंय ना, मग अप्रूव्ह दाबा. हार्डवेअर वॉलेट घेतलंच कशासाठी मग, सुरक्षित असतं म्हणूनच ना? प्रत्येक सहीला लिस्टवर चर्चा होणार असेल तर खजिनदाराने काम करायचं कधी.

प्रेषक: नाना

सचिव थांबले ते बरोबरच केलं. खजिनदार, तुमच्यावर कोणाचाही अविश्वास नाही, मागच्या हिशेबाच्या वेळी तो विषय संपलाय.

पण हार्डवेअर वॉलेट सुरक्षित म्हणजे काय तर चावी यंत्राबाहेर जात नाही, एवढंच. सही कशावर होतेय ते बघायचं काम आपलंच. २१ फेब्रुवारी २०२५ ला बायबिट या क्रिप्टो एक्सचेंजचे साधारण दीड अब्ज डॉलरचे ईथर (इथेरियमचं चलन) गेले तेव्हा चावी कोणाचीच चोरीला गेली नव्हती. सेफ, म्हणजे अनेकांच्या सह्यांनी चालणारं क्रिप्टो खातं, त्याच्या एका डेव्हलपरच्या मशीनमधून शिरून चोरांनी वेबपेजच्या कोडमध्ये बदल केला होता, सह्या करणाऱ्यांना स्क्रीनवर नेहमीचाच व्यवहार दिसत होता आणि डिव्हाइसकडे भलताच डेटा जात होता. आपणही सेफच वापरतो. तेव्हा "ब्राउझरमध्ये बरोबर दिसतंय" हे कारण सही करायला पुरेसं नाही, रक्कम पाचशे असो की पाच.

प्रेषक: माई

नानांचं वाचून आठवलं म्हणून लिहिते. आमच्या ओळखीतल्या एकांनी जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता कॉपी केला, पहिले चार आणि शेवटचे चार अक्षरं जुळली म्हणून पाठवून मोकळे झाले. तो पत्ता त्यांचा नव्हताच, कोणीतरी मुद्दाम तसाच दिसणारा पत्ता बनवून त्यावरून शून्य रकमेचा व्यवहार यादीत घुसवला होता. पैसे गेले ते गेलेच. मी तेव्हाही म्हटलं होतं की देणगी सरळ बँकेतच घ्यावी.

प्रेषक: नाना

माई, बँकेचं कार्यकारिणीत ठरलंय, ते इथे नको. पण पत्त्याचं अगदी खरं. डिव्हाइसवर पत्ता आला की चाळीसच्या चाळीस अक्षरं वाचायची, आणि ताडायची ती समोरच्याने फोनवर सांगितलेल्या पत्त्याशी, यादीतल्या नाही.

प्रेषक: दादा, वेबसाइट टीम

पत्त्याचं ठीक आहे पण सचिवांच्या स्क्रीनवर पत्ताच नाहीये, त्यामुळे मूळ प्रश्नावर येतो.

सचिव, त्या दोन ओळींचा अर्थ असा. हॅश म्हणजे डेटावरून गणिताने काढलेला ठसा. डोमेन हॅश बनतो चेन आयडी (कोणती ब्लॉकचेन त्याचा क्रमांक) आणि आपल्या सेफचा पत्ता यावरून, त्यामुळे तो आपल्या प्रत्येक व्यवहाराला तोच येणार, एकदा खात्री करून कागदावर लिहून ठेवा. वेगळा आला तर सही दुसऱ्याच चेनसाठी किंवा दुसऱ्याच सेफसाठी मागितली जातेय, तिथेच थांबायचं. मेसेज हॅश मात्र दर वेळी बदलतो, कारण त्यात व्यवहाराचं सगळं पोट असतं: कुठे, किती, डेटा, ऑपरेशन, नॉन्स (व्यवहाराचा अनुक्रमांक). तो ताडायचा तर ही फील्डं घेऊन दुसऱ्या मशीनवर, सेफचा हॅश काढणाऱ्या वेगळ्या टूलमध्ये स्वतः काढायचा. त्याच वेबपेजवर छापलेला हॅश बघून काही उपयोग नाही, पेजच बिघडलेलं असेल तर तेही खोटंच दाखवेल.

आणि हॅश जुळला म्हणजे झालं असंही नाही, ती फील्डं वाचायची. ऑपरेशन ० असेल तर साधा कॉल. १ असेल तर डेलिगेट कॉल, म्हणजे समोरचा कोड आपल्या सेफच्या अधिकाराने चालणार. बायबिटला तेच १ होतं. डेटामध्ये ए९०५९सीबीबी सापडलं तर ट्रान्सफर, ०९५ईए७बी३ सापडलं तर अप्रूव्ह, म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी आपले टोकन उचलायची परवानगी. त्याच्यापुढे चौसष्ट अक्षरं पत्त्याची (चोवीस शून्यं, मग पत्त्याची चाळीस) आणि पुढची चौसष्ट रकमेची.

प्रेषक: सचिव

दादा, मुलीच्या लॅपटॉपवर बसून केलं. दोन्ही हॅश जुळले, अक्षर न अक्षर. पण ऑपरेशन १ आहे!! आणि डेटामध्ये ०९५ईए७बी३ सापडलं, त्याच्यापुढे पत्ता, आणि रकमेच्या जागी ओळभर नुसते एफ एफ एफ. हे पाचशे कसे?

प्रेषक: खजिनदार

ऑपरेशन १ यायचंच, कारण मी परवानगी आणि अदलाबदल असे दोन व्यवहार एकत्र बांधून टाकलेत आणि सेफ ते मल्टिसेंड नावाच्या कॉन्ट्रॅक्टमधून (चेनवरचा प्रोग्रॅम) करतं. गॅस (चेनची फी) वाचतो. रक्कम अ‍ॅपने आपोआप भरली, मी हाताने काही टाकलेलं नाही.

प्रेषक: दादा, वेबसाइट टीम

मल्टिसेंडचं खजिनदारांचं म्हणणं बरोबर आहे, टू (कुठे) मधला पत्ता सेफच्या अधिकृत यादीतल्या मल्टिसेंडशी मी ताडला, तोच आहे. त्यामुळे इथे १ आल्याने घाबरायचं कारण नाही.

पण सगळे एफ म्हणजे अमर्याद परवानगी. बरीच अ‍ॅप्स पुन्हा पुन्हा विचारायला नको म्हणून तसंच भरतात. हा कोरा चेक आहे: आजची अदलाबदल झाली तरी परवानगी तशीच राहते, उद्या त्या कॉन्ट्रॅक्टमध्ये भोक सापडलं तर पुढे येणाऱ्या देणगीतलं यूएसडीटीसुद्धा जाऊ शकतं. यूएसडीटीला सहा दशांश स्थानं, म्हणजे पाचशे हे ५० कोटी असं लिहिलं जातं आणि डेटामध्ये सुरुवातीच्या शून्यांनंतर तोच आकडा हेक्समध्ये (सोळाच्या पद्धतीत), म्हणजे १डीसीडी६५००, दिसायला हवा.

प्रेषक: नाना

मग रद्द करून नवा करा. एका दिवसाने काही बिघडत नाही, आणि गॅस वाचवायला दोन व्यवहार एकत्र बांधले की दुसऱ्या सहीवाल्याला वाचायला किती जड जातं ते आज दिसलंच.

प्रेषक: खजिनदार

ठीक आहे, सुटे सुटे करतो, रक्कम हाताने भरतो. पण रद्दचं बटण मीच दाबणार, मध्येच दुसऱ्या कोणी रांगेत हात घालू नका, क्रमांकांचा घोळ होतो.

प्रेषक: दादा, वेबसाइट टीम

घोळ होतो हे खरं, म्हणून सचिवांना आधीच सांगून ठेवतो. सेफमध्ये नुसतं रद्द असं काही चेनवर नसतं. त्याच नॉन्सचा एक रिकामा व्यवहार करतात, तो आधी पार पडला की जुना आपोआप बाद. त्यामुळे टूलमध्ये टू मध्ये आपल्याच सेफचा पत्ता, रक्कम ०, डेटा रिकामा आणि ऑपरेशन ० दिसेल, ते बरोबर आहे. नॉन्स मात्र अडलेल्या व्यवहाराचाच हवा, नाहीतर जुना रांगेत तसाच राहील.

दोन सह्या झाल्यावर जो शेवटी चेनवर पाठवेल त्याच्या डिव्हाइसवर आणखी वेगळं येईल: टू मध्ये सेफ, ० ईथर, डेटा भरलेला, आणि फी. ती फी त्याच्या स्वतःच्या खात्यातून जाते. इथेही ब्लाइंड सायनिंग मागेल.

प्रेषक: सचिव

रद्दचा आला. टू आपलंच सेफ, रक्कम ०, डेटा रिकामा, ऑपरेशन ०, नॉन्स दोन्हीकडे १४, डोमेन हॅश सकाळचाच, मेसेज हॅश लॅपटॉपवर काढला तो जुळला. सही केली. खजिनदार, चेनवर तुम्ही पाठवा, आणि नव्या परवानगीत १डीसीडी६५०० दिसलं की मी लगेच करते. ब्लाइंड सायनिंग तोपर्यंत सेटिंगमधून बंद केलंय.