बट्टिकलोआची 'हर्मीस', ५३ मीटर : माझी तयारी पुरेशी आहे का?

निवतीचा_दिवा

नमस्कार मंडळी. प्रश्न श्रीलंकेतल्या बुडीचा आहे, पण सुरुवात घरापासून करतो.

माझे बाबा नौदलात होते, त्यातली सात वर्षं 'विराट'च्या बॉयलर रूममध्ये. ही विराट म्हणजे ब्रिटिशांची जुनी 'हर्मीस'. १९८७ साली ती आपल्या नौदलात आली. २०२० च्या सप्टेंबरात तिला मुंबईहून अलंगला तोडायला नेलं, तेव्हा बाबांनी मला फोन करून एवढंच विचारलं, "टग किती लावलेत?" २०१८ साली राज्य सरकारने तिचं संग्रहालय आमच्या निवतीच्या खडकांजवळ करायचं ठरवलं होतं, ८५२ कोटींचा आराखडा होता. ते झालं नाही.

मग कळलं की या नावाची आणखी एक विमानवाहू होती, हिच्या आधीची. ९ एप्रिल १९४२ ला जपानी विमानांनी ती बट्टिकलोआसमोर बुडवली, आणि ती अजून तिथेच ५३ मीटरवर आहे. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही.

माझा अनुभव: तारकर्लीला स्कूबाचा पहिला कोर्स ओपन वॉटर, मग अंदमानात हॅवलॉकला पुढचा, अ‍ॅडव्हान्स्ड. एकूण ६४ बुड्या, सर्वांत खोल ३२ मीटर. कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर दरवर्षी बुडीला जातो. बट्टिकलोआच्या एका बोटवाल्याने 'पोहता येतं ना, मग नेतो' असं कळवलंय. मे महिन्यात जाऊ का? डीप स्पेशालिटी, म्हणजे खोल बुडीचा कोर्स, केला तर भागेल का?

कातळवाट

जाऊन या. मी साध्या हवेवर ५५ मीटर केलंय, हर्मीसवर नाही, दुसरीकडे. पाणी २८-२९ अंश, गार पाण्यासारखा त्रास नाही. खाली जरा गरगरल्यासारखं वाटतं, पाच मीटर वर आलं की उतरतं. दहा मिनिटं बघायचं आणि निघायचं. वडिलांसाठी जाताय, फार विचार करू नका.

खोलपाणी

निवतीचा_दिवा, मे महिन्यात हर्मीसवर जाऊ नका. कळकळीने सांगतेय. मी मूळची देवगडची, आता सिंगापूरला असते. हर्मीसवर चारदा उतरले. त्यातल्या दोनदा जहाज न बघताच दोरीवरून परत आले, एकदा प्रवाहामुळे आणि एकदा जोडीदाराचा रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी देणारं यंत्र) गळायला लागला म्हणून.

डीप स्पेशालिटीने ४० मीटरपर्यंत जाता येतं. हर्मीस डाव्या कुशीवर पडलीय आणि तिचा सर्वांत वरचा भागच ४० च्या खाली आहे. म्हणजे तुमची मर्यादा संपते तिथे जहाज सुरू होतं.

आता हवेचा हिशेब करा. ५३ मीटरला दाब ६.३ बार. वर मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल तर खाली १२६ लागते. १२ लिटरची टाकी २०० बारला भरली की २४०० लिटर. एकोणीस मिनिटांत कोरडी, आणि यात वर येणं धरलेलंच नाही. जोडीदाराची हवा संपली आणि दोघांना एकाच टाकीवर यायचं झालं तर? घाबरलेला माणूस दुप्पट ओढतो.

कातळवाट, तुम्ही सुखरूप आलात याचा आनंद आहे, पण 'जरा गरगरतं' यावर थांबून बोलायला हवं. ट्रेनिंगमध्ये आम्हाला मुद्दाम साध्या हवेवर ४५ मीटरला नेलं होतं. मी प्रेशर गेज तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा आकडा डोक्यात राहिला नाही. पाटीवर १०० मधून ७-७ वजा करायला दिले होते. ९३, ८६, आणि पुढे ८६ च परत लिहिलं. मला मात्र सगळं उत्तम चाललंय असं वाटत होतं. नायट्रोजनची ही गुंगी पाण्याच्या उबेने कमी होत नाही. उलट कोमट पाणी आणि निळा उजेड यामुळे आपण किती खोल आहोत हे शरीराला कळतच नाही.

दुसरं, त्या खोलीवर हवा दाट होते, लिटरला आठ ग्रॅमच्या आसपास. पाच-सव्वापाचच्या आत ठेवा असं सांगतात. दाट हवेत श्वास पुरा सुटत नाही, कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि प्रवाहाविरुद्ध चार पाय मारले की धाप लागते. म्हणून आम्ही ट्रायमिक्स नेतो: २१ टक्के ऑक्सिजन, ३५ टक्के हेलियम, बाकी नायट्रोजन. त्याने गुंगी साधारण ३१ मीटरच्या हवेइतकी राहते आणि घनता पावणेसहावर येते, सव्वापाचच्या थोडी वरच, पण आठपेक्षा खूप बरी. पाठीवर जोड टाक्या, कुशीला ५० टक्के ऑक्सिजनची वेगळी टाकी, ती २१ मीटरच्या वर आल्यावरच तोंडात घ्यायची. तळाशी वीस मिनिटं, बाकीचा सगळा वेळ दोरीला धरून टप्प्याटप्प्याने वर. अंगात विरघळलेला वायू हळूहळू बाहेर पडावा लागतो, म्हणून मधले टप्पे गाळून सरळ वर येता येत नाही, काहीही झालं तरी.

आणि त्या बोटवाल्याला तीन गोष्टी विचारा: ऑक्सिजन किट बोटीवर आहे का, जवळचं रीकम्प्रेशन चेंबर (घाईने वर आलेल्याला दाबाखाली ठेवून उपचार करायची खोली) कुठे आहे, कोर्स केल्याचं माझं कार्ड बघणार का. 'पोहता येतं ना' म्हणणाऱ्याबरोबर मी दहा मीटरलाही जाणार नाही.

आता जहाजाबद्दल, कारण तुम्ही ज्यासाठी विचारलंत ते हेच. विमानवाहू म्हणूनच आराखडा काढून बांधायला घेतलेली ती जगातली पहिली, १९२४ ला नौदलात आली. बुडाली त्या दिवशी तिच्यावर एकही विमान नव्हतं. ३०७ माणसं गेली. 'विटा' नावाचं इस्पितळ-जहाज जवळच होतं, त्याने सहाशेच्या आसपास लोकांना पाण्यातून काढलं. ती १८२ मीटर लांब आहे. वीस मिनिटांत पाव भागही बघून होत नाही. मी तिसऱ्या वेळी फक्त एका तोफेपाशी थांबले. नळीवर काळं प्रवाळ, शेजारी माझ्याएवढा गोब्रा मासा, हललाही नाही. डेकचं पत्र्याचं मैदान भिंतीसारखं उभं आहे, आणि त्याला मासेमारीची जाळी अडकलेली आहेत, म्हणून दोन सुऱ्या जवळ लागतात. आत मी शिरले नाही. ती माणसं अजून तिथेच आहेत.

मे महिन्यात बट्टिकलोआला जरूर जा. आपल्याकडे होड्या वर ओढायची वेळ येते तेव्हा तिकडचा समुद्र शांत होतो. त्याच दिवशी बुडालेलं 'ब्रिटिश सार्जंट' हे तेलवाहू जहाज २५ मीटरच्या आसपास आहे, तुमच्या कार्डात बसतं. त्यावर तीन-चार बुड्या करा, तिथला प्रवाह ओळखीचा होईल. परतीच्या विमानाआधी पूर्ण २४ तास कोरडे ठेवा, बुडी नको.

कातळवाट

वाचलं. गेज बघून आकडा न आठवणं माझ्याबाबतीतही झालं होतं, पण त्याला मी गुंगी म्हटलं नव्हतं. माझा पहिला सल्ला मागे घेतो.

निवतीचा_दिवा

ताई, मनापासून आभार. काल रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं. दाबाचा हिशेब त्यांनी स्वतः कागदावर करून पाहिला, बॉयलरवाले आहेत ना. मग म्हणाले की मे महिन्यात मीही येतो, तू तेलवाहूवर उतर, मी बोटीत बसतो. ती जागा आली की इंजिन बंद करायला सांग.

तर आता ब्रिटिश सार्जंट नक्की, आणि बोटवाला दुसरा शोधतोय. पुढच्या वर्षी ४० मीटरच्या खालच्या बुड्यांचा टेक्निकल कोर्स. तोवर जोड टाक्यांची सवय मालवणात करता येईल का? इथे पाणी गढूळ आणि उथळ असतं.

खोलपाणी

येईल, उथळच बरं. सहा मीटरवर एका जागी न हलता वीस मिनिटं तरंगायचं, हात मागे नेऊन टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद-चालू करायचे, मास्क काढून परत घालायचा. डोळे मिटून हे तिन्ही जमेपर्यंत खोलीचा विचार नको. खांदे आखडलेले असतील तर मागचा व्हॉल्व्ह हाताला लागत नाही, त्याचा व्यायाम आजपासून सुरू करा. बाबांना टोपी आणि लिंबू-मीठ बरोबर घ्यायला सांगा; त्या बोटींना बहुतेक छप्पर नसतं.