सात मोजू नका, ती ती ना म्हणा
७ मात्रांत (ठोक्यांत) गाण्याची चाल बांधताना सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, निसटते, असं एकाने विचारलंय. एक ते सात मोजत बसलं की निसटणारच! रूपक, म्हणजे हा सात मात्रांचा ताल, तोंडाने म्हणा: ती ती ना, धी ना, धी ना. तीन-दोन-दोन. समेवर टाळी नाही, तिथे खाली, म्हणजे हात रिकामा. टाळ्या चौथीला आणि सहावीला. इंदूरच्या आमच्या घराचा जिना मी हेच म्हणत चढायचो. सात विषम, म्हणून दर आवर्तनाला (तालाच्या फेरीला) सम दुसऱ्या पायावर यायची. म्हणजे पाय फसवतात, बोल नाही. इंदूरचेच गायक अमीर खाँसाहेब यांचं झूमरा तालातलं विलंबित (संथ) गाणं जरूर ऐका: मात्रा १४, पण विभाग तीन-चार-तीन-चार. आणि चाल बांधताना समेवर तीन अक्षरी शब्द ठेवून बघा, मुखडा (समेवर येणारी सुरुवातीची ओळ) छान बसतो.