‘प्रतिकारशक्ती वाढते’ म्हणजे नेमकं काय वाढतं?

प्रश्न : आरोग्यावरचा एक मजकूर तपासतो आहे. एकाच परिच्छेदात ‘प्रतिकारशक्ती’, ‘प्रतिकारक्षमता’ आणि ‘प्रतिकारयंत्रणा’ असे तीन शब्द आलेत आणि तिन्ही एकाच अर्थाने. कोणता कुठे वापरावा? की तिन्हींतला एकच ठेवून बाकीचे काढून टाकू?

उत्तर : एकच ठेवू नका, दोन ठेवा. ‘यंत्रणा’ म्हणजे बोट ठेवून दाखवता येतील असे भाग : अस्थिमज्जा, छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी, पाणथरी (प्लीहा), काखेत-जांघेत असतात तशा लसीकाग्रंथी, रक्तातल्या पांढऱ्या पेशी. ‘प्रतिकारशक्ती’ मी फक्त तिथे लिहिते, जिथे ‘कशाविरुद्ध?’ या प्रश्नाला उत्तर देता येतं. गोवराविरुद्ध प्रतिकारशक्ती, धनुर्वाताविरुद्ध प्रतिकारशक्ती. ‘क्षमता’ गाळलीत तरी चालेल, तिने अर्थात काही भर पडत नाही.

‘कशाविरुद्ध’ इतकं महत्त्वाचं का, ते उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरच्या साथीवरून कळतं. तिथे १७८१ साली गोवर येऊन गेला होता, त्यानंतर थेट १८४६ मध्ये आला आणि बेटांवरची बहुतेक माणसं आजारी पडली. पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरच्या लक्षात आलं, की ज्या म्हाताऱ्यांना लहानपणी गोवर झाला होता, त्यांना तो या खेपेला झालाच नाही. मध्ये पासष्ट वर्षं गेली होती. त्या म्हाताऱ्यांच्या अंगात तरुणांपेक्षा जास्त ‘शक्ती’ होती असं कोण म्हणेल? त्यांच्या शरीराला गोवराची ओळख होती, एवढंच.

म्हणूनच ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा प्रयोग मला खटकतो. ऐकणाऱ्याला वाटतं, अंगात एक टाकी आहे आणि ती भरायची आहे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात हीच यंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. ॲलर्जीत ती निरुपद्रवी परागकणांवर तुटून पडते. तिथे ती कमी पडलेली नसते, तिची ओळख चुकलेली असते. अशा रुग्णाला कोणी ‘तुमची प्रतिकारशक्ती कमी आहे’ असं सांगितलं, तर तो शब्द त्याला चुकीच्या दिशेला नेतो.

प्रश्न : पटलं. याच मजकुरात ‘इन्फ्लमेशन’ला एका ठिकाणी दाह, दुसऱ्या ठिकाणी शोथ आणि तिसऱ्या ठिकाणी सूज म्हटलंय.

उत्तर : बोटात काटा मोडला की काय होतं ते आठवा, उत्तर त्यातच आहे. काट्याबरोबर जंतू आत जातात. कातडीखाली आधीपासून ठाण मांडून बसलेल्या भक्षक पेशींना त्यांचा सुगावा लागतो आणि त्या रासायनिक निरोप सोडतात. आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून बोट लाल होतं आणि गरम लागतं. वाहिन्यांच्या भिंती सैल होऊन पाणी बाहेर झिरपतं, म्हणून सूज. मज्जातंतूंची टोकं चेतवली जातात, म्हणून दुखणं. लाली, सूज, ऊब, वेदना ही चार लक्षणं सेल्सस या रोमन लेखकाने पहिल्या शतकातच एकत्र मांडली होती. म्हणजे सूज हा चारांतला एक भाग झाला, अख्ख्या प्रक्रियेला ते नाव देता येणार नाही. ‘शोथ’ संस्कृतात सूजच. ‘दाह’ शब्दात निदान ऊब आणि आग दोन्ही येतात, आणि यकृतदाह, आंत्रपुच्छदाह अशा नावांत तो रुळलेला आहे. मी दाह ठेवेन.

पण बोलीतले शब्द याहून बारकाईने पाहतात. ‘बोट ठसठसतंय’ म्हणतो ना आपण? सुजून ताठरलेल्या बोटात नाडीचा प्रत्येक ठोका जाणवतो, त्या लयीचं हे नाव आहे. नुसत्या ‘वेदना’ शब्दात ती लय नाही. मग गळू ‘पिकतं’. काही तासांत तिथे धावून आलेल्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात आणि स्वतःही मरतात. त्या मेलेल्या पेशींचा ढीग म्हणजे पू.

आणि अवधाण! बोटाला जखम झाली की काखेत दुखरी गाठ येते, पायाला झाली की जांघेत. शाळेच्या पुस्तकात मला हा शब्द कधी भेटला नाही, घरात मात्र सगळ्यांना ठाऊक होता. जखमेतले जंतूंचे तुकडे घेऊन काही पेशी लसीका (लिंफ) हा पातळ द्रव वाहून नेणाऱ्या लसीकावाहिनीतून त्या गाठीत, म्हणजे लसीकाग्रंथीत, पोचतात. तिथे टी आणि बी नावाच्या असंख्य पांढऱ्या पेशी थांबलेल्या असतात. त्यांतल्या ज्या मोजक्या पेशींना तो तुकडा नेमका जुळतो, त्याच भराभर वाढू लागतात आणि गाठ फुगते. जखम एकीकडे, गाठ दुसरीकडे, आणि तरी दोन्हींचा संबंध सांगणारा एक शब्द आपल्याकडे आहे. तो लिहिण्यात यावा असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक प्रश्न : प्रतिजन, प्रतिपिंड, प्रतिजैविक यांत माझी नेहमी गल्लत होते.

उत्तर : सगळ्यांचीच होते, कारण सुरुवात एक आहे. प्रतिजैविक हे औषध, जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. प्रतिजन म्हणजे जंतूचा तो तुकडा, ज्याला शरीर ओळखतं. प्रतिपिंड म्हणजे अँटीबॉडी, बी पेशींपासून तयार होणारं प्रथिन. ‘पिंड’ ऐकून गोळा डोळ्यांसमोर येतो, प्रत्यक्षात त्याचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा. ‘प्रतिद्रव्य’ मला जास्त बरं वाटतं. मात्र ‘प्रतिपिंडे जंतूंना ठार मारतात’ हे वाक्य सरसकट लिहू नका. ती जंतूला चिकटतात, पेशीत शिरण्यापासून अडवतात, भक्षक पेशींसाठी त्याच्यावर खूण करतात. गिळण्याचं काम दुसऱ्यांचं. पहिल्या भेटीत ती रक्तात दिसायला साधारण आठवडा जातो, दुसऱ्या भेटीत खूपच लवकर.

प्रश्न : मग ‘लस’? लसीकेशी काही संबंध?

उत्तर : आहे. ‘जखमेतून लस येते’ असं आपण अजून म्हणतो, तीच ही लस : फोडातून, जखमेतून पाझरणारा पातळ द्रव. १४ मे १७९६ रोजी एडवर्ड जेन्नरने एका गवळणीच्या हातावरच्या गायीच्या देवीच्या फोडातला द्रव घेतला आणि आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर ओरखडे काढून त्यात घातला. इंग्रजीतला ‘व्हॅक्सीन’ हा शब्द गायीच्या लॅटिन नावावरून आला. मराठीने गाय सोडली आणि फोडातला तो थेंब धरला.